वारस नोंद, सातबारा, फेरफार: 'कसं करायचं' सांगणारे लेख कसे लिहायचे आणि एकमेकांना कसे जोडायचे?

बांधावरचा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारतोय, वेळ काढून वाचा.

आम्ही चारपाच जण मिळून जमिनीच्या कागदपत्रांवर मराठीत लेख करतोय, म्हणजे सातबारा ऑनलाइन कसा बघायचा, वडील वारल्यावर वारस नोंद कशी लावायची, फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) कुठे अडकलाय ते कसं शोधायचं, सोसायटीचं कर्ज फिटल्यावर बोजा कसा कमी करून घ्यायचा, असं सगळं. वाचणारा कोण हे पक्कं माहितीये. मुंबई-पुण्याला नोकरी, गावी वडिलोपार्जित दोन-चार एकर, हातात मोबाईल, आणि चुलत भावाने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवलेली. गावाला जायला सुट्टी मिळते ती गणपतीत नाहीतर मे महिन्यात, आणि तेवढ्यात काम उरकायचं असतं.

मजकूर भरपूर जमलाय आणि माहिती एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांकडून तपासून घेतलीये, त्यामुळे ती बाजू भक्कम आहे. अडचण रचनेची आहे. वारस नोंदीचा मसुदा एकच सलग लेख आहे आणि त्यात सातबारा म्हणजे काय इथपासून हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती, मुलींचा हक्क, हक्कसोडपत्र, वाटप, सगळं आलंय. ज्यांना वाचायला दिला ते म्हणतात छान आहे, उपयोगी आहे, आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग मी आता आधी काय करू?"

तर विचारायचंय ते असं की लेख तोडायचे तर कुठे तोडायचे, तोडलेले तुकडे एकमेकांना कसे जोडायचे म्हणजे वाचणारा मध्येच हरवणार नाही, आणि ८अ, पोटखराब, ए.कु.मॅ., अपाक असे शब्द प्रत्येक लेखात परत परत समजवायचे की एक वेगळं पान करून तिकडे पाठवायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

दुवेकर

दादा, विषय फार चांगला घेतलाय, मराठीत या कामाची खरंच गरज आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहितो, इंग्रजीत, पण जे लागू आहे ते लागूच आहे.

पहिली गोष्ट, लेख विषयाप्रमाणे तोडू नका, कामाप्रमाणे तोडा. 'सातबारा' हा विषय झाला. 'मोबाईलवर फुकट सातबारा बघणे' हे एक काम, 'डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये भरून काढणे' हे दुसरं काम. दोघांचा वाचकही वेगळा असतो, एकाला नुसतं नाव लागलंय का बघायचंय आणि दुसऱ्याला बँकेत कागद द्यायचाय. दोन्ही एका पानावर टाकले की दोघांनाही निम्मं पान सोडून द्यावं लागतं आणि नेमकं कुठलं निम्मं सोडायचं ते त्यांना कळत नाही. पानाचं नावच क्रियापदावर संपवा, 'वारस नोंदीचा अर्ज करणे', 'फेरफाराची स्थिती बघणे'. नाव असं ठेवता येत नसेल तर समजा की ते पान काम करून देणारं नाही, समजावणारं आहे, आणि समजावणारी पानं वेगळीच ठेवायची. आमच्या क्षेत्रात डॅनिएल प्रोसिडा यांनी कागदपत्रांचे चार प्रकार मांडलेत, शिकवणारं, काम करून देणारं, संदर्भ म्हणून बघायचं आणि समजावणारं. तुम्हाला चारही लागणार नाहीत, पण 'काम करून देणारं' आणि 'समजावणारं' एवढी फारकत केली तरी तुमचा लांबलचक लेख आपोआप सुटतो. २००५ ची दुरुस्ती, मुलींचा हक्क हे समजावणारं पान. अर्ज करणे हे कामाचं पान. कामाच्या पानावर कायद्याचं फक्त एक वाक्य ठेवा, "मुलींची नावंही वारसांत लावायची असतात, लग्न झालेलं असलं तरी", आणि त्याच वाक्यातून समजावणाऱ्या पानाला लिंक.

दुसरी गोष्ट लिंकची. तुमचा वाचक पहिल्या पानावरून येत नाही, तो व्हॉट्सॲपवरून थेट मधल्या पानावर पडतो. त्यामुळे 'मागील लेखात आपण पाहिले' हे वाक्य कुठेही नको, त्याने मागचा लेख पाहिलेलाच नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर दोनतीन ओळी, हे पान कोणासाठी, त्याआधी काय झालेलं पाहिजे (आणि झालं नसेल तर कुठलं पान), संपल्यावर हातात काय येईल. वाचणारा पाच सेकंदात ठरवतो की आपण बरोबर जागी आलोय का, तेवढं त्याला द्यायचं.

मग लिंका कुठे द्यायच्या. मी तीनच जागा मानतो. वर, आधी करायच्या कामाची. मजकुरात, समजावणाऱ्या पानाची, पण थोडक्यात. शेवटी, पुढच्या कामाची, आणि तीही एकच किंवा फार तर दोन. खाली 'हेही वाचा' म्हणून दहा लिंका लावतात त्याने काही होत नाही, कारण वाचणाऱ्याला त्यातली आपली कुठली ते ओळखावं लागतं. पायरीच्या मधोमध मात्र लिंक देऊ नका. माणूस एका टॅबमध्ये सरकारी फॉर्म भरतोय, ओटीपी येतोय, आणि तुम्ही त्याला वाक्याच्या मध्यात तिसरीकडे पाठवताय, परत येईपर्यंत तिकडचं सेशन संपलेलं असतं. जे लागणार आहे ते पायरी सुरू व्हायच्या आधी सांगा.

पायऱ्यांची भाषा दाखवतो. सरकारी वळणाने लिहिलं की असं होतं:

"अर्जदाराने संबंधित संकेतस्थळावर जाऊन आवश्यक ती माहिती अचूक भरून सातबारा उतारा पाहावा."

यात चूक काही नाही पण करायचं काय ते यात नाही. त्याऐवजी:

"जिल्हा, तालुका, गाव निवडा. गट नंबरच्या चौकटीत फक्त पहिला आकडा टाका. तुमचा गट ४५/२/अ असेल तर नुसतं ४५. मग शोधा दाबा. खाली ४५ चे सगळे पोटहिस्से यादीत दिसतील, त्यातून ४५/२/अ निवडा."

हा पहिला आकडा टाकण्याचा मुद्दा बघा, अख्खा गट नंबर टाकून 'सापडत नाही' म्हणून बसलेली किती माणसं असतील. अशी जी अडायची ठिकाणं असतात तिथे जास्त शब्द खर्च करा, बाकी 'गाव निवडा' वगैरे एका ओळीत संपवा. आणि प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे तेही लिहा, म्हणजे बरोबर चाललंय की नाही ते त्याचं त्याला कळतं.

चावडीकाका

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, मंडळ अधिकारी होतो. (वर उल्लेख केलेला मी नव्हे.) लेखनाचं तंत्र तुम्ही मंडळी जाणता, मी एक वेगळी गोष्ट सांगतो जी अशा लेखांत जवळजवळ कधीच नसते.

वारस नोंदीत पायऱ्या पुष्कळ, पण त्यातल्या अर्जदाराने करायच्या थोड्या. बाकीच्या कार्यालयाने करायच्या. अर्ज आला की तलाठी वारसांची चौकशी करतो, गाव नमुना ६क मध्ये म्हणजे वारस नोंदवहीत घेतो, मग गाव नमुना ६ ला म्हणजे फेरफार नोंदवहीत फेरफार धरतो, जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर अंमल येतो. हे सगळं तुम्ही १ ते ८ असं एका रांगेत लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं आठही कामं माझीच. तो नोटिशीच्या काळात रोज चकरा मारतो किंवा उलट, अर्ज टाकून सहा महिने विसरून जातो. म्हणून प्रत्येक पायरीपुढे लिहा की हे 'तुम्ही' करायचं की 'कार्यालय' करणार, आणि कार्यालय करत असताना तुम्ही कुठे नजर ठेवायची. महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर 'आपली चावडी' आहे, तिथे गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. तिथे आपल्या फेरफाराची नोटीस लागली का बघा, हे वाक्य फार मोलाचं आहे आणि त्याचं वेगळं छोटं पान करा, कारण खरेदी असो, वारस असो, बोजा असो, सगळ्यांना तेच पान लागणार.

मुदतीबद्दलही स्पष्ट लिहा. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. पण तीन महिने उलटले म्हणजे नोंदच होणार नाही असा लोकांचा समज होतो आणि ते घाबरून एजंटाकडे जातात. उशीर झाला तरी अर्ज करता येतो, हे त्याच ओळीला चिकटून पाहिजे, दुसऱ्या पानावर नको. घाबरलेला माणूस लिंक उघडत नाही, तो फोन फिरवतो.

आणखी एक, २०२४ पासून तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. लोक तलाठीच म्हणणार आणि शोधणारही तोच शब्द. पानावर पहिल्यांदा दोन्ही लिहा आणि पुढे एकच धरा, पण मग सगळ्या पानांवर तोच धरा.

नादवेध

मी पूर्ण अंध आहे, मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, लॅपटॉपला एनव्हीडीए नावाचा आहे. आमची पण गावाकडे जमीन असते आणि आम्हालाही वारस नोंद करावी लागते म्हणून लिहितोय.

लिंकबद्दल दुवेकरांनी जागा सांगितली, मी शब्द सांगतो. पानावरच्या सगळ्या लिंकांची एक यादी मला एका शॉर्टकटने मिळते, आजूबाजूचा मजकूर न ऐकता. बऱ्याच मराठी साइटवर ती यादी अशी ऐकू येते, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. म्हणजे मला काहीच मिळालं नाही. त्याऐवजी लिंकचेच शब्द 'वारस नोंदीला लागणारे कागद' असे असले की ती यादीच माझ्यासाठी अनुक्रमणिका होते. डोळस माणसालाही फायदाच आहे, अंगठ्याने भराभर वर सरकवताना त्याचीही नजर निळ्या शब्दांवरच टेकते ना.

शीर्षकांचंही तसंच. मी एच दाबत शीर्षकाहून शीर्षकावर उड्या मारतो. पण नुसती अक्षरं जाड आणि मोठी करून शीर्षक केलेलं असेल तर माझ्या दृष्टीने ते शीर्षक नाहीच, मला अख्खं पान ओळीने ऐकत बसावं लागतं. एडिटरमध्ये शीर्षकाची जी स्टाइल असते ती वापरा, काहीच जास्तीचं काम नाही.

आणि कृपा करून अर्जाचा नमुना फोटो काढून टाकू नका. अर्जाचा मजकूर पानावर अक्षरांत द्या, युनिकोडमध्ये. मी तो कॉपी करून, नाव-गाव बदलून स्वतः अर्ज लिहू शकतो. फोटो टाकलात की मला दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखव म्हणावं लागतं, आणि जमिनीचे कागद असे कोणालाही वाचायला द्यायचे नसतात.

सीमा_सेवाकेंद्र

माझं मत थोडं वेगळं आहे. मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. तुम्ही सगळे म्हणताय लेख तोडा, बरोबर आहे, पण फार बारीक तुकडे करू नका. माझ्याकडे येणारी माणसं लेख प्रिंट काढून मागतात, किंवा मुलाने स्क्रीनशॉट काढून दिलेले असतात. कागदावर लिंक दाबता येत नाही!! गावात नेट जातं येतं, एक पान उघडलेलं असतं ते तसंच ठेवून दाखवतात, दुसरं उघडायला गेले की पहिलं पण जातं.

तर मला वाटतं प्रत्येक मोठ्या कामाचं एक असं पान पाहिजे की जे एकटं प्रिंट काढलं तरी पुरेल. त्यात फक्त कागदांची यादी, कोणाकडे जायचं, काय बोलायचं, किती दिवसांनी परत बघायचं. मृत्यू दाखला, सातबारा आणि ८अ, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ते-नातं, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. आणि 'तुमच्या तलाठी कार्यालयात आणखी काही मागतात का ते आधी फोन करून विचारा' हे नक्की लिहा कारण प्रत्येक ठिकाणी एखादा कागद जास्तीचा मागतातच.

अजून एक, स्क्रीनशॉट टाकताना खऱ्या माणसाचा सातबारा टाकू नका. नाव, खाते नंबर, गट नंबर सगळं झाका. लोक उदाहरण म्हणून शेजाऱ्याचा उतारा टाकतात आणि मग गावात भांडणं लागतात, खरंच सांगते.

दुवेकर

सीमाताई, प्रिंटचा मुद्दा एकदम पटला. तुकडे करायचे म्हणजे प्रत्येक तुकडा अर्धवट ठेवायचा असं नाही, एक काम सुरू ते शेवट एकाच पानावर झालंच पाहिजे. वारस नोंदीचा अर्ज करताना पाच पानं फिरायला लागत असतील तर तोडणं चुकलं. लिंक काढून टाकली तरी काम होतंय का, हीच माझी कसोटी. काम अडत असेल तर ती माहिती पानावर यायला हवी, नुसतं कुतूहल राहत असेल तर लिंक पुरते.

स्क्रीनशॉटबद्दल अजून थोडं. सरकारी साइटचं रूप बदलतं आणि बदलल्यावर जुना स्क्रीनशॉट वाचणाऱ्याला जास्त गोंधळवतो, "माझ्याकडे हिरवं बटण नाहीये" म्हणून तो थांबतो. बटणावरचे शब्द जसेच्या तसे जाड अक्षरात लिहिणं जास्त टिकतं. स्क्रीनशॉट फक्त तिथे, जिथे शब्दांनी जागा सांगता येत नाही. आणि पानाच्या वरच 'तपासलं:' म्हणून महिना आणि वर्ष टाका. शेवटी नको, वरच. लेख कधी लिहिला याच्याशी वाचणाऱ्याला घेणं नसतं, या पायऱ्या कोणीतरी शेवटच्या कधी करून बघितल्या ते त्याला हवं असतं.

सरकारी साइटच्या आतल्या पानाची लिंक देऊ नका, ती बऱ्याचदा लॉगिनशिवाय उघडत नाही किंवा पुढच्या बदलात मरते. मुख्य पानाची लिंक द्या आणि तिथून पुढचा रस्ता शब्दांत. बाहेरच्या लिंका तुटतातच. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये बघितलं तर २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं आता उघडतच नव्हती. तुमची स्वतःची पानं तरी त्यात जाऊ देऊ नका, पानाचं नाव बदललं तरी जुना पत्ता नव्याकडे वळवून ठेवा, कारण तो पत्ता कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये फिरत असतो.

पत्त्यावरून आठवलं, वेबपत्ता रोमन अक्षरात आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक अक्षराची टक्क्याची चिन्हं आणि आकडे मिळून नऊ-नऊ अक्षरं होतात, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, आणि चार ओळींचं एक भेंडोळं तयार होतं. लोकांना तो व्हायरस वाटतो आणि कोणी दाबत नाही.

पानोपानी

मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करते. विकिपीडिया 'कसं करायचं' सांगत नाही, ते तिथलं कामच नाही, पण एकमेकांना जोडलेली पानं हाताळायची सवय तिथे लागते, म्हणून शब्दांच्या प्रश्नावर लिहिते.

अवघड शब्दाचं वेगळं पान करायचं की तिथेच समजवायचं? दोन्ही करा, पण तिथे अर्ध्या ओळीत आणि वेगळ्या पानावर सविस्तर. उदाहरणार्थ कामाच्या पानावर '८अ (तुमच्या खात्यावरची त्या गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा)' एवढं पुरतं. वाचणारा अडत नाही आणि ज्याला जास्त हवंय तो लिंक उघडतो. पण ही लिंक पानात एकदाच, पहिल्यांदा शब्द येतो तिथे. प्रत्येक वेळी शब्द आला की लिंक केली तर पान निळंशार होतं आणि महत्त्वाची लिंक त्यात बुडते.

सगळ्या शब्दांचं एकच लांबलचक पान करू नका, किंवा केलंत तर प्रत्येक शब्दाला स्वतःचा अँकर (पानातल्या नेमक्या जागेची खूण) द्या म्हणजे लिंक थेट त्या शब्दावर जाऊन थांबेल. 'ए.कु.मॅ.' दाबलं आणि 'अ' पासून सुरू होणारी यादी उघडली तर मोबाईलवर कोण शोधत बसणार. आणि हे शब्द सातबाऱ्यावर जसे छापलेले असतात तसेच शीर्षकात ठेवा. उताऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं म्हणून माणूस तेच टाइप करून शोधतो, 'अज्ञान पालनकर्ता' (लहान मुलाच्या वतीने बघणारा पालक) त्याला माहीतच नसतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर हेही तसंच.

काही शब्दांची पानं मात्र सविस्तरच लागतील. क्षेत्र हे त्यातलं सगळ्यात मोठं. उताऱ्यावर ०.८१.०० असं असतं आणि गावात सगळे एकर-गुंठ्यात बोलतात. ते ० हेक्टर ८१ आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आरचा एक हेक्टर, ४० गुंठ्यांचा एक एकर, आणि एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, म्हणजे ०.८१.०० हे दोन एकर झाले. हे गणित प्रत्येक पानावर लिहिलंत तर एका ठिकाणी दुरुस्ती केल्यावर दुसरीकडे जुनंच राहतं. जी गोष्ट पाच पानांना लागते ती एकाच जागी लिहायची आणि पाचही पानं तिकडे जोडायची.

विकिपीडियावर 'येथे काय जोडले आहे' म्हणून सोय असते, एखाद्या पानाकडे कुठून कुठून दुवे येतात ते दिसतं. तुमच्या साइटवर ती नसेल तर साधी एक्सेल शीट करा, डावीकडे पानाचं नाव, मग त्यातून जाणाऱ्या लिंका, मग त्याच्याकडे येणाऱ्या. येणाऱ्या रकान्यात काहीच नाही ते पान पोरकं, तिथे कोणी पोचणारच नाही. आणि शीट करायला बसलात की अजून न लिहिलेली पानं पण लगेच दिसतात.

मांडवीकाठ

एक छोटी विनंती गोव्याहून. पानाच्या पहिल्याच ओळीत 'ही माहिती महाराष्ट्रातल्या शेतजमिनीसाठी' असं लिहा. आमच्याकडे सातबारा नाही, फॉर्म १ आणि १४ असतो, आणि वारसाचं सगळंच वेगळं, २०१२ चा स्वतःचा कायदा आहे, इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची प्रक्रिया) असतं. मराठीत शोधलं की महाराष्ट्राचेच लेख वर येतात आणि इथली माणसं ते वाचून तलाठ्याकडे कुठला अर्ज द्यायचा ते विचारत फिरतात. तसंच शहरातल्या घराला सातबारा नसून मालमत्ता पत्रक असू शकतं तेही वर सांगा, म्हणजे तो वाचक वेळेत दुसऱ्या पानावर जाईल.

बांधावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, 'तुम्ही' आणि 'कार्यालय' ही फोड आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, नादवेधजी, अर्जाचा मजकूर अक्षरांतच देणार, शब्द दिला.

तुमच्या सांगण्यावरून वारस नोंदीच्या पानाचं डोकं असं केलंय, बघून सांगा:

*वारस नोंदीचा अर्ज करणे*
*तपासलं: या महिन्यात (प्रकाशित करताना महिना-वर्ष टाकू)*
*महाराष्ट्रातली शेतजमीन, खातेदार वारले आहेत आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे, अशांसाठी. शहरातल्या घराचं असेल तर: मालमत्ता पत्रकावर वारस लावणे.*
*आधी हे झालेलं हवं: मृत्यू दाखला हातात, आणि गट नंबर माहीत. गट नंबर माहीत नसेल तर: नावावरून सातबारा शोधणे.*
*शेवटी काय मिळेल: सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं. जमिनीचे वेगवेगळे हिस्से यातून पडत नाहीत, त्यासाठी: वाटपाचा अर्ज करणे.*
*तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला असला तरी अर्ज करता येतो.*
*तुम्ही: कागद जमवा, ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या साइटवर किंवा तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या.*
*कार्यालय: चौकशी, फेरफार, नोटीस, १५ दिवस हरकतीची वाट, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी.*
*तुम्ही: मधल्या काळात 'आपली चावडी'वर नोटीस बघा. मंजुरीनंतर नवा सातबारा उघडून सगळी नावं आणि स्पेलिंग तपासा.*

मग खाली एकेक पायरी सविस्तर. शेवटी एकच लिंक, नोंदीवर हरकत आली तर काय करायचं. मुलींचा हक्क आणि हक्कसोडपत्र यांची समजावणारी पानं वेगळी काढलीत.

चावडीकाका

चांगलं झालंय. 'हिस्से यातून पडत नाहीत' हे वर घेतलंत ते उत्तम, निम्मे गैरसमज तिथेच संपतात. त्यालाच जोडून एक ओळ घाला की सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, ही महसुली नोंद आहे, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात ठरतो. भावाने परस्पर एकट्याचं नाव लावलं म्हणून बहिणीचा हक्क गेला असं होत नाही, आणि हे ज्याला कळायला हवं तो माणूस नेमका हेच पान वाचत असणार.

हक्कसोडपत्राच्या पानावर ते नोंदणीकृत लागतं हे पहिल्या ओळीत. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणतात आणि ती नोंद मंजूर होत नाही.

सीमा_सेवाकेंद्र

दादा, छान! प्रिंटलायक झालंय. फक्त 'पोच घ्या' ला एक वाक्य वाढवा की पोचवर तारीख आणि शिक्का बघून घ्या. ऑनलाइन केला तर अर्ज क्रमांकाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

पानोपानी

लिंकांचे शब्द आवडले, नुसत्या लिंका वाचल्या तरी पुढे काय ते कळतंय. एक पान मात्र राहिलंय असं वाटतं. मृत्यू दाखल्यावर 'रामचंद्र' आणि सातबाऱ्यावर 'रामा', किंवा आडनावच वेगळं, असं असेल तर? 'आधी हे झालेलं हवं' मध्ये ते येत नाही, आणि जुन्या उताऱ्यांत हे सर्रास असतं.

चावडीकाका

ताई म्हणतात ते अगदी खरं आहे, हस्तलिखित उतारे संगणकात घेताना पडलेला फरक असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली दुरुस्ती होते, आणि मुळातच दोन नावांनी ओळखला जाणारा माणूस असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि चौकशीत जबाब लागतात. ही दोन वेगळी कामं आहेत, एका पानावर घालू नका. मी दोन्हीचा कच्चा मजकूर लिहून देतो, रविवारपर्यंत थांबा.

बांधावरचा

थांबतो काका. तोपर्यंत शीटमध्ये दोन ओळी वाढवतोय, 'सातबाऱ्यावरचं चुकीचं नाव दुरुस्त करणे' आणि 'एकाच व्यक्तीची दोन नावं असतील तेव्हा वारस नोंद करणे'.